पान्हा सुटेपर्यंत

“नवीन माणूस दिसलं की पान्हा चोरतीया बघा. जरा मागं सरा, ताई.”

मी मागं सरले. मार्चमधली संध्याकाळ होती. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी ओळीनं उभ्या होत्या आणि त्यातल्या कडेच्या म्हशीजवळ मी जरा जास्तच पुढे जाऊन उभी राहिले होते. खांद्याला पर्स, एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातातला मोबाइल नेमका त्याच वेळी वाजलेला. गवळी उकिडवा बसला होता, गुडघ्यांत ग्लास धरून. त्यानं कासेवरून पाण्याचा हात फिरवला, सडांना हलकी ओढ दिली, म्हशीची मांडी थोपटली, जिभेनं टकटक असा काहीतरी आवाज केला. म्हैस ढिम्म. मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. मी फोन बंद केला, आणखी दोन पावलं मागे गेले. मिनिटभर काहीच झालं नाही. मग पहिली धार ग्लासाच्या बुडाला चर्रकन वाजली, दुसरी वाजली, आणि बघता बघता आवाज जाड होत गेला, कारण आता धार दुधावर पडत होती. काठावर फेस आलेला ग्लास माझ्या हातात देताना गवळ्यानं आपुलकीनंच विचारलं, “कुठनं आलासा? पुण्यासनं काय?”

“नाही, मी इथलीच आहे,” मी म्हणाले.

“व्हय?” तो म्हणाला आणि पुढच्या म्हशीकडे वळला.

त्याच्या विचारण्यात काही वावगं नव्हतं. कट्ट्यावर बाहेरगावची माणसं रोजच येतात, फोटो काढतात, पोरांना म्हैस दाखवतात. पण ते ‘व्हय?’ माझ्याबरोबर घरी आलं आणि रात्री अंथरुणावरही सोबत राहिलं. माझा जन्म शिवाजी पेठेतला. शाळा, कॉलेज इथंच. लग्न होऊन गेले ती राजारामपुरीत, म्हणजे गावाच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर. मधली काही वर्षं बदल्यांमध्ये गेली, तरी साठीतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त वर्षं मी याच गावात काढली. दूध कट्ट्यावरून तर हजारदा गेले असेन, रिक्षातून, स्कूटरवरून, भाजीच्या पिशव्या घेऊन. तिथं थांबले मात्र नव्हते. शेवटची थांबले तेव्हा मी बारा वर्षांची होते. म्हणजे म्हशीचं चुकलं नव्हतं. त्या जागी मी नवीनच माणूस होते.

लहानपणी मला तिथं आबा न्यायचे. आबा शाहू मिलमध्ये साचाखात्यात होते. शाहू महाराजांनी 1906 साली काढलेल्या त्या मिलच्या भोंग्यावर आमच्या घराचं, आणि आमच्याच का, अर्ध्या गावाचं घड्याळ चालायचं. भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची. आबा घरी आले की त्यांच्या कानाच्या पाळीवर, भुवयांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले असायचे. सुट्टीच्या दिवशी मात्र भोंगा वाजला तरी ते हलायचे नाहीत. संध्याकाळी धुतलेला सदरा घालायचे आणि म्हणायचे, “चल, दूध पिऊन येऊया.” घरी दूध नव्हतं असं नाही. पण दूध पिणं आणि दूध पिऊन येणं या दोन निराळ्या गोष्टी होत्या. जाताना ते भराभर चालायचे नाहीत. वाटेत तालमीच्या दारात कुणीतरी भेटायचं, पानाच्या टपरीवर कुणीतरी, त्या प्रत्येकाशी दोन शब्द व्हायचे. मी त्यांचं बोट धरून उभी. ते बोलणं कशाबद्दल असायचं ते मला आज एक अक्षर आठवत नाही. बोटाची पकड आठवते. बोलण्यात रंगले की पकड सैल व्हायची आणि निघायची वेळ झाली की घट्ट.

कट्ट्यावर पोचलो की ओल्या कडब्याचा, पेंडीचा, शेणाचा मिळून एक ऊबदार वास यायचा. त्याला मी आजही घाण म्हणू शकत नाही. पैलवान तांब्यानं प्यायचे. मोठाले पांढरे तांबे, वर फेसाची टोपी, मान मागे टाकून एका दमात. बाकीची माणसं पेल्यानं. आबांचा गवळी ठरलेला होता आणि त्याची म्हैसही. तिला आधी रेडकू लावायचं, ते दोन घोट चोखलं की बाजूला घ्यायचं, मग थांबायचं. या थांबण्यात मला सगळ्यात जास्त मजा वाटायची, कारण त्या वेळी कुणीच काही बोलायचं नाही. दहा-पंधरा बापये माणसं, त्यातली काही गावातली नावाजलेली, एका म्हशीच्या मर्जीची वाट बघत गप्प उभी. घाई करून उपयोग नसतो हे सगळ्यांना माहीत असायचं. धार सुटली की बोलणीही सुटायची. पेला हातात आला की आधी ओठाला फेस लागतो, त्याला चव अशी नसतेच, नुसता कोमट मऊपणा. त्याच्या खालून दूध येतं, अंगाच्या उबेइतकंच ऊन. आबा माझ्याकडे बघून स्वतःच्या मिशीला हात लावायचे. म्हणजे माझ्या ओठावर फेसाची मिशी आली आहे, पूस.

एका उन्हाळ्यात हे थांबलं. आई म्हणाली, “आता मोठी झालीस तू. तालमीतली पोरं असत्यात तिथं.” आबा काही बोलले नाहीत. पुढच्या सुट्टीला ते एकटेच गेले आणि येताना पितळी तांब्यातून माझ्यासाठी दूध घेऊन आले. तांब्या त्यांनी टॉवेलात गुंडाळला होता, ऊब जाऊ नये म्हणून. दूध कोमट होतं, तेच होतं, त्याच म्हशीचं होतं. पण घरी येईस्तोवर फेस बसला होता. आबांनी तांब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “धावत आलो की ग.” नंतर वर्षभर तरी ते आणत राहिले. एकदाही फेस घरापर्यंत पोचला नाही.

आईनं तर तो कधी पाहिलाही नव्हता. हे मला तेव्हा सुचलं नाही.

आपल्या गावातल्या निवांत सुखांबद्दल बोलायला लागलं की कोल्हापूरकर भरभरून बोलतो. कट्टा, तालीम, शाहू स्टेडियमवरची पेठापेठांची फुटबॉल मॅच, खासबागेतल्या कुस्त्या, सकाळी पंचगंगेत मारलेला सूर. ऐकायला मला फार आवडतं, अजूनही. पण या यादीतली बहुतेक सुखं उभ्यानं घ्यायची आहेत, चार माणसांत, रस्त्याच्या कडेला, काही काम नसताना. आणि आमच्या घरातल्या बायकांना काही काम नसताना रस्त्यावर उभं राहायची मुभा नव्हती. त्यांना निवांतपणा कामाच्या आत लपवावा लागायचा. हे मला पुढे खूप उशिरा उमगलं, पण लपवायचं कसब त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत दाखवलं होतं.

आई आणि आत्ती मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईला जायच्या. दर्शनाला लागायची दहा मिनिटं. घरी परत यायला दोन तास. मंदिराच्या आवारात दीपमाळेजवळ नाहीतर भिंतीच्या सावलीत त्या टेकायच्या, पायातली जोडवी सारखी करायच्या, कुणाचं बाळंतपण कुठवर आलं ते विचारायच्या, मुंडावळ्या कुठल्या दुकानात चांगल्या मिळतात ते सांगायच्या. संध्याकाळ झाली तरी काळा दगड खालून ऊन लागायचा. कबुतरं भर्रकन उडायची आणि पुन्हा त्याच कंगोऱ्यावर येऊन बसायची. बाहेर आलं की महाद्वार रोड. तिथं बांगड्या घ्यायच्या नसल्या तरी बघायच्या. कासाराकडे हात पुढे करून बसायचं, दोन चढवून बघायच्या, उतरवायच्या. जोतिबा रोडवर गजरा घ्यायचा, तोही घासाघीस करून, कारण घासाघीस केली की आणखी पाच मिनिटं उभं राहता येतं. घरी कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं. देवीला गेलो होतो, गर्दी होती.

वर्षातला सगळ्यात मोठा असा दिवस नवरात्राच्या आधी यायचा, वाकळा धुवायचा. अख्ख्या पेठेतल्या बायका डोक्यावर वाकळांची गठुडी घेऊन रंकाळा तळ्यावर जायच्या. तिथल्या धुणं धुवायच्या जागेला, धुण्याच्या चावीला, ही गर्दी. बडवण्यांचा आवाज पाण्यावरून जाऊन पलीकडून परत यायचा, त्यामुळे प्रत्येक ठोका दोनदा ऐकू यायचा. ओली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून उलट-सुलट पिळायच्या, आणि पिळताना हसायला लागायच्या. कशाला ते आम्हा पोरींना कळायचं नाही. मग उतारावर वाकळा वाळत घालायच्या. जुन्या इरकली, पुण्याच्या चारखानी, कुणाच्या लग्नातल्या, कुणाच्या सासूच्या साड्यांचे तुकडे उन्हात पसरलेले. आणि त्या वाळेपर्यंत दुसरं काहीच करायचं नसायचं. वाकळ वाळायला जो वेळ लागतो तो लागतोच, त्याबद्दल कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. भाकरी, खर्डा, दही, कांदा. खाऊन झालं की बायका तिथंच कलंडायच्या. माझी आत्ती, जी घरात कधी पाठ टेकून बसलेलीही मी पाहिली नव्हती, ती उघड्या आभाळाखाली पाय लांब करून झोपायची.

अशाच एका दुपारी तिनं मला रंकाळ्याकाठच्या नंदीची गोष्ट सांगितली. “रोज गव्हाएवढा पुढं जातोय, आणि तांदळाएवढा मागं येतोय,” आत्ती म्हणाली. “रंकाळ्याला पोचला की जगबुडी.” मी घाबरले. कारण तांदूळ गव्हापेक्षा लांब की आखूड हे मला माहीत नव्हतं आणि सगळं त्यावरच अवलंबून होतं. घरी जाऊन मी डब्यातून एक दाणा गव्हाचा आणि एक तांदळाचा काढून पाटावर शेजारी शेजारी ठेवला. आमच्या घरातला तांदूळ तुकडा होता, त्यामुळे हिशेब लागेना. दुसऱ्यांदा गेले तेव्हा फ्रॉकच्या खिशातून गव्हाचा दाणा नेला आणि नंदीपुढे, पायांच्या अगदी टोकाशी ठेवला. उद्या येऊन बघायचं, दाणा दबला का. आत्तीनं पाहिलं, पण रागावली नाही. “हात लावू नगंस त्याला. त्याचा त्याला चालू दे,” एवढंच म्हणाली. उद्या काही जायला मिळालं नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा दाणा नव्हता. चिमणीनं खाल्ला असणार हे तेव्हाही कळत होतं. पण नंदी गेल्या वर्षी होता तिथंच दिसत होता, आणि पाण्याला अजून बरंच अंतर होतं, याचा मला खूप आधार वाटला.

नोकरी लागली आणि माझी चाल बदलली. बँकेच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेले तेव्हाची एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही पेठेतल्या पोरी ‘मी येतो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो आता’ असंच बोलायचो. आई तसंच बोलायची, आत्ती तसंच बोलायची. त्यात पोरासारखं बोलतोय असं कुणाच्या मनातही नसायचं. पुण्यात पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर मी म्हणाले, “थांबा, मीपण येतो.” सगळ्या हसल्या. दुष्टपणानं नाही, गंमत वाटून. एकीनं ते चार जणांना सांगितलं. त्या रात्री मी खोलीत बसून, आवाज न करता, ओठांनी सराव केला. मी येते. मी जाते. मी करते. आठवड्याभरात जमलं. पुढे पस्तीस वर्षं काउंटरमागे, केबिनमध्ये, फोनवर ‘मी बघते’, ‘मी कळवते’ असंच बोलत राहिले, आणि कधीतरी घरीही तेच यायला लागलं. आई एकदा म्हणाली होती, “किती वेगळं बोलतीस आता.” तक्रार नव्हती तिची. निरखत होती.

गवळ्याला मी काय म्हणाले होते? ‘मी इथलीच आहे.’ इथली बाई असं म्हणत नाही.

निवृत्त झाल्यावर सुरुवातीला मी वेळेला घाबरले. सकाळी आवरून होतं आणि साडेनऊलाच हात रिकामे. मग हळूहळू बाहेर पडायला लागले, कामाचं निमित्त न काढता. हे लिहायला सोपं आहे. करायला मला कितीतरी आठवडे लागले. पहिल्यांदा एकटी मिसळ खायला गेले तेव्हा आत शिरताच माझी नजर फॅमिली रूम शोधायला लागली. पूर्वी असायची तशी, पडद्याआड, अर्ध्या फळीच्या दाराची, जिथं बाई बसली की बाहेरच्या कुणाला दिसू नये. ती नव्हती. बाहेरच्याच बाकावर बसले, रस्त्याकडे तोंड करून. मिसळ आली, बरोबर ब्रेडच्या स्लाइस, वर आणखी कट पाहिजे काय म्हणून विचारणा. कटाच्या पहिल्या घोटाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, समोरच्या बाकावरच्या अनोळखी आजोबांनी पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला आणि परत पेपरात डोकं घातलं. मला फार बरं वाटलं. त्यांनी दुसऱ्यांदा वर बघितलं नाही, यात जास्त.

रंकाळ्यावरही जायला लागले. टॉवरपासून पदपथानं चालत जायचं, दम लागेल तिथं कठड्यावर बसायचं. रंकाळ्याचं आता जे झालं आहे ते मला दिसतं, आणि त्याबद्दल गोड बोलायची माझी इच्छा नाही. गावाचं सांडपाणी त्यात मिसळत राहिलं. मधल्या काही वर्षांत केंदाळानं पाणी असं झाकलं की तळं आहे की हिरवं रान ते कळू नये. उन्हाळ्यात काही ठिकाणी नाकाला पदर लावावा लागतो. जिथं वाकळा वाळायच्या तो उतार मी शोधला, नेमका सापडला नाही. तरी संध्याकाळी शालिनी पॅलेसच्या बाजूला सूर्य कलला की पाण्याचा रंग जसा बदलतो तसा तो आजही बदलतो. संध्यामठ अर्धा पाण्यात, अर्धा उजेडात. पाणकावळे पंख उघडे टाकून वाळवत बसलेले. शेजारच्या कठड्यावर पाच-सहा बायका, माझ्याच वयाच्या, बूट घातलेल्या, चालायला म्हणून घरून निघालेल्या आणि अर्धा तास झाला तरी बसून असलेल्या. त्यांच्यातली एक सांगत होती, घरी सांगितलंय डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. बाकीच्या हसल्या. वाकळा पिळताना हसायच्या तसंच.

लपवायचं अजून संपलेलं नाही तर.

एक गोष्ट मात्र तेव्हाही लपवावी लागत नव्हती. पावसाळ्यात पाणी बघायला जाणं. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस पाऊस लागून राहिला की गावात एकच प्रश्न असतो, किती फूट झालं? राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथल्या पहिलीच्या पोराला पाठ असतं. मग सगळं घर छत्र्या घेऊन पंचगंगेकडे निघायचं, बायका-पोरांसकट, म्हाताऱ्यांसकट. कणसं भाजणारे त्या पावसातही शेगडी पेटवून असायचे. घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होताना आम्ही तासन्‌तास बघायचो. गढूळ पाणी कसलाही आवाज न करता वर चढतं, तेच भीतीदायक असतं आणि त्यावरून नजरही हलत नाही. राधानगरीचे किती दरवाजे उघडले यावर अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायची. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021च्या जुलैत पुन्हा तसंच. माझ्या मावसबहिणीच्या घरात गळ्याइतकं पाणी होतं. तिच्या आईची शिलाई मशीन, लग्नातले अल्बम, धान्य, सगळं गेलं. तेव्हापासून मी पाणी बघायला जाते, पण कणीस घेत नाही. बहीण अजून जाते, कणीसही खाते. “बघायचं न्हाई म्हणून थांबतंय व्हय ते?” म्हणते. तिला बोलायचा हक्क माझ्यापेक्षा जास्त आहे.

या नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेले होते. आई असताना दरवर्षी जायचो, नोव्हेंबरात नाहीतर जानेवारीच्या अखेरीस. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, एकेक उंबरा ओलांडत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. सगळा सोहळा काही मिनिटांचा. त्यासाठी आई चार वाजताच जाऊन बसायची. लहानपणी मला तो फार मोठा वेळ वाटायचा, आणि मोठेपणी, नोकरीत असताना, तर तो वाया चाललेलाच वाटायचा. मी साडेपाचला धावत पोचायचे, मान उंचावून बघायचे, परत धावत निघायचे. आई माझ्या आधी दीड तास आणि माझ्यानंतर अर्धा तास बसलेली असायची. कितीतरी वर्षं किरणं पोचायचीच नाहीत. ढग यायचे, धुरकं असायचं, वाटेत कुणाच्या घराचा मजला वर चढलेला असायचा. मी हळहळायचे. आई उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणायची, “उद्या येतील.” तिसऱ्या दिवशी नाही आली तर, “माघात येतील.”

यंदा मी चारला गेले. भिंतीला टेकून बसले. शेजारी एक म्हातारी वाती वळत होती, तिनं न विचारता अर्धा कापूस माझ्या हातात दिला. तासाभरात मी सत्तावीस वाती वळल्या, पहिल्या दहा-बारा वाकड्या. किरणं आली तेव्हा गलका झाला, मोबाइल वर गेले, त्यामुळे प्रत्यक्षात मला दिसली ती समोरच्या दगडी खांबाच्या कडेवर चढलेली एक नारिंगी रेघ. ती सावकाश सरकत होती. मी तिच्यावरच नजर ठेवली. माझ्या डोळ्यांपुढे ती विटली, विझली, आणि आतून आरतीची घंटा सुरू झाली. आईला दीड तास आधी काय मिळत असेल याचा थोडासा अंदाज आला. विचारायचं राहून गेलं. तिला जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर फेसाचं दूध मिळत होतं. शेवटच्या काही वर्षांत तर तालमीतली पोरं तिला आजी म्हणायची, रस्ता ओलांडताना हात द्यायची. मी गाडी घेऊन जायचे, तिला डॉक्टरकडे न्यायचे, परत आणायचे, गंगावेशीतूनच. एकदाही गाडी थांबवली नाही.

मंदिरातून निघाले ती चालतच कट्ट्यावर गेले. अंधार पडला होता, दिव्याच्या उजेडात म्हशींची अंगं ओल्या दगडासारखी चकाकत होती. तोच गवळी होता. त्यानं मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. माझ्या पुढे दोन कॉलेजच्या पोरी स्कूटरला टेकून उभ्या होत्या, एकीच्या हातात पूर्ण भरलेला ग्लास. ती तो अगदी सावकाश पीत होती, मध्येच थांबून मैत्रिणीशी वाद घालत होती. वरच्या ओठावर जाड पांढरी मिशी. तिला कुणी बघत नव्हतं आणि कुणी बघतंय का हे तीही बघत नव्हती. मला तिचं कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाच्या खाली काहीतरी दुखलंही. दोन्ही खरं होतं. मी दोन्ही तसंच राहू दिलं.

मी मागेच उभी राहिले, म्हशीच्या बाजूला, तिला दिसेन अशी. फोन पर्समध्ये, पर्स काखेत. गवळ्यानं कास धुतली, थोपटलं, टकटक केलं. म्हशीनं मान वळवली, मोठे काळे डोळे माझ्यावर ठेवले. मी कुठं जात नव्हते. मागच्या चहाच्या गाड्यावर स्टोव्ह फुरफुरत होता, कुणीतरी कुणाला तरी शाहू स्टेडियमवरचा पेनल्टीचा निर्णय कसा चुकीचा होता ते सांगत होतं, माझ्या बोटांना अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते. म्हशीनं मान परत वैरणीकडे नेली. ग्लासाच्या बुडाला धार वाजली.

दूध प्याले. फेस आधी, मग दूध. ग्लास ठेवला, पैसे दिले, पदरानं ओठ पुसले.

“येतो,” मी म्हणाले.

“या की,” तो म्हणाला. वर न बघता, पुढच्या सडाला हात घालत.